कागद धुताना फेसावर जाऊ नये

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वडोदऱ्यातील घरांत शिरले होते. अशा पुरानंतर घरातले मोडी कागद ‘सौम्य’ शाम्पूने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवावेत, असा सल्ला हमखास मिळतो. परंतु शाम्पू सौम्य असतो तो त्वचेला; कागद म्हणजे सेल्युलोज. सेल्युलोजच्या तंतूंवर पाण्यात किंचित ऋणप्रभार असल्यामुळे केस मऊ करणारी धनप्रभारित द्रव्ये त्यांना घट्ट चिकटतात. कपड्यांच्या काही पावडरींत तर सेल्युलोजच तोडणारे सेल्युलेज हे विकर असते. रिठा नैसर्गिक आहे हे खरे, पण त्याच्या काढ्यात फेसाच्या सॅपोनिनांबरोबर शर्करा आणि रंगद्रव्येही उतरतात. ती तंतूंत राहिली की बुरशीला आयतेच खाद्य मिळते.

अपक्षालकाच्या, म्हणजे डिटर्जंटच्या, रेणूचे एक टोक जलस्नेही, तर दुसरे मेदस्नेही असते. पाण्यातील त्याचे प्रमाण एका ठराविक मर्यादेपलीकडे गेले की रेणू मेदस्नेही टोके आत वळवून सूक्ष्म गोळे बांधतात. त्यांना मिसेल म्हणतात आणि तेलकट मळ त्यांच्या पोटात सामावतो. सोडियम लॉरिल सल्फेट या नेहमीच्या अपक्षालकासाठी ही मर्यादा शुद्ध पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅम आहे. त्यापुढे घातलेल्या मात्रेने सुटे रेणू फारसे वाढत नाहीत, मिसेल तेवढे वाढतात; फेसाच्या उंचीवरून यातले काहीच कळत नाही. प्रभारहीन अपक्षालकांत ही मर्यादा सहसा कित्येक पटींनी कमी असल्याने अगदी थोडी मात्रा पुरते, शिवाय दुष्फेन (जड) पाण्यातील कॅल्शियमशी त्यांचा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, होत नाही. साबणाचा मात्र होतो, आणि तो तंतूंमध्येच अडकतो. म्हणून जुने कागद जपणारे संवर्धक सुगंध, रंग व शुभ्रकारके नसलेले, घटक नेमके माहीत असलेले प्रभारहीन अपक्षालक पसंत करतात. त्यांतले पूर्वी लोकप्रिय असलेले सिन्पेरॉनिक एन मागे पडले ते कागदामुळे नव्हे. त्याच्या विघटनातून होणारे नॉनिलफिनॉल जलचरांमध्ये संप्रेरकासारखे वागते, म्हणून.

अर्थात बहुतेक कागदांना अपक्षालक लागतच नाही. आम्लामुळे पिवळे पडलेले, पाण्यात विरघळणारे पदार्थ नुसत्या पाण्याने निघतात. अपक्षालकाची वेळ येते ती काजळी आणि तेलकटपणासाठी. मोडीची जुनी शाई मात्र पुष्कळदा काजळी आणि डिंक यांचीच असते, त्यामुळे मळ सोडवणारे पाणी अक्षरेही सोडवू शकते. एका अक्षराच्या कडेला पाण्याचा थेंब ठेवून तो टिपकागदाने टिपावा. डाग उमटला, तर तो कागद पाण्यात घालूच नये.