रंगाखालचा पत्रा

जुनी गाडी पत्र्याच्या कारागिराकडे न्या. दाराच्या खालच्या कडेला रंगाला हरभऱ्याएवढा फुगवटा आलेला असतो. आपल्याला वाटतं, टचअपचं काम आहे. कारागीर काही बोलत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक फुगवट्यावर टेकवतो, जरासं दाबतो आणि टोक आरपार जातं. आपल्याला दिसला तो गंजाचा शेवट होता. सुरुवात आतल्या बाजूने केव्हाच झाली होती. मोटारधंद्याला हे उमगायला निम्मं शतक लागलं.

पहिल्या गाड्यांचं रंगकाम बग्ग्यांच्या रंगकामातून आलं. ब्रशने हात द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. एकेका गाडीला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची, आणि ते डांबरमिश्रित काळं एनॅमल भट्टीत भाजलं जाई. मग ड्युपाँट या रसायन कंपनीचं 'ड्युको' लॅकर आलं. जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड गाड्या या रंगाने निळ्या झाल्या. स्प्रे गनने मारा, लवकर वाळतं, हवी ती छटा घ्या. पण सगळी हुशारी दर्शनी बाजूवर खर्ची पडत होती. तसं चालूनही जाई, कारण गाडीचं वजन जाड लोखंडी चासीवर असे. वरचा पत्रा सडला तर नवा ठोकायचा.

गंजाचा खरा विचार मोटारींच्या बाहेर चालला होता. १९०६ साली इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं, आणि १९१५ मध्ये डेट्रॉइटला पार्कर कंपनीने त्याचा धंदा उभा केला. (दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला त्यातही लोखंडातल्या फॉस्फरसचा मोठा वाटा आहे, तो काही कुणी पेटंट केला नव्हता.) हा करडा, खरखरीत थर एकटा फारसा टिकत नाही, पण वरच्या रंगाला घट्ट पकड देतो. आजही कारखान्यात रंगाआधी पत्र्यावर बहुधा अशीच काही प्रक्रिया होते.

घोळ झाला तो चासी गेल्यावर. १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्सिओं अव्हाँसारख्या गाड्यांत बॉडी हाच सांगाडा झाला. कुर्ल्यात बनणारी, मुंबईकरांच्या टॅक्सीची फियाट ११०० सुद्धा त्याच घराण्यातली. पातळ पत्रे वेल्डिंगने जोडून दाराखाली आणि चाकांमागे पोकळ पेट्या बनवायच्या, आणि त्यांच्यावर गाडीचा सगळा भार. त्या पेट्यांत ब्रश जात नाही, स्प्रे गन पोचत नाही, पाणी मात्र बरोबर शिरतं. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकायला लागले तेव्हा तर गंजाला मोकळं रान मिळालं. आपल्याकडे ते काम खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस फुकटात करतात.

१९५९ मध्ये डेट्रॉइटच्या कर्ट झीबार्ट या मेकॅनिकने सरळ उपाय काढला. चांगल्या पत्र्याला भोकं पाडायची, लांब नळी आत घालायची, मेणासारखं द्रव्य फवारायचं आणि भोक बुचाने बंद करायचं. गाडी वाचवायला गाडीलाच भोकं! पण त्याने आजाराची जागा अचूक ओळखली होती.

कारखान्यातला उत्तम इलाज फोर्डच्या जॉर्ज ब्रूअर यांनी शोधला. १९५७ पासून ते पाण्यात मिसळलेला रंग विजेने पत्र्यावर ओढून बसवण्याचे प्रयोग करत होते, आणि १९६३ मध्ये मिशिगनमधल्या विक्सम कारखान्यात अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडू लागली. यातली गंमत अशी की रंग बसला की ती जागा विजेला अडवते, म्हणून वीज अजून कोरी असलेली जागा शोधत पेटीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत जाते. माणसाचा हात जिथे पोचत नव्हता तिथे रंग आपणहून पोचला. सुरुवातीला बॉडी विजेच्या धन बाजूला जोडत, त्यात थोडं लोखंड विरघळून रंगात येई. १९७६ पासून ती ऋण बाजूला जोडण्याची पद्धत मोटारींत आली आणि तीच टिकली. हा थर जेमतेम वीस मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ, आणि त्यावरचा चकचकीत रंग आपण कौतुकाने पॉलिश करतो.

तरी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लान्सिया बीटा या इटालियन गाडीची नाचक्की झालीच. इंजिन पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याच्या जोडाजवळच पत्रा सडत होता, आणि कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पोर्शने त्याआधीच जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरून ९११ वर गंजाची सहा वर्षांची हमी दिली होती; आउडीने १९८५ मध्ये आउडी १०० ची सगळी बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली. लोखंडावर जस्त चढवण्याचं फ्रेंच अभियंता सोरेल यांचं पेटंट १८३७ चं. रंगाला ओरखडा गेला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड मागे राहतं.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी गाडीखाली जळकं ऑईल फवारून घ्यायचे. दिसायला ओंगळ, पण ते फटीत झिरपे, म्हणून मी त्याला पूर्ण नावं ठेवणार नाही. (रस्त्यावर गळायचं, तो भाग वेगळा.) हल्लीचं जाड काळं कोटिंग तडकलं की पाणी त्याच्याखाली अडकून राहतं, आणि गंज कुणाला दिसतही नाही. दाराच्या अगदी खालच्या कडेला बोट फिरवलंत तर पाणी निथळायची बारीक भोकं लागतात. कोटिंग मारणारा घाईत असेल, तर सगळ्यात आधी तीच बुजतात.