जनरल विंटरला एवढं क्रेडिट कशाला?

नेपोलियन रशियात आपटला, हिटलर आपटला, का तर म्हणे थंडी, तिलाच लोक ‘जनरल विंटर’ म्हणतात. मला हे कधी पटलंच नाही. उणे 30 काय फक्त शत्रूलाच वाजतं का?

1812 घ्या. जूनमध्ये नेपोलियनने रशियाच्या हद्दीवरची नेमन नदी ओलांडली तेव्हा सोबत चार लाखांवर माणसं, सप्टेंबरात मॉस्कोला पोचली जेमतेम लाखभर, म्हणजे बर्फ पडायच्या आधीच एवढी गळती! काही मागे ठाण्यांवर ठेवलेली, काही पळाली, पण बरीच भर उन्हाळ्यात भूक, जुलाब आणि तापाने गेली, कारण रशियन मागे हटताना खायला काही ठेवतच नव्हते. परतीच्या वाटेवर मेलेल्यांची सामूहिक कबर 2001 साली लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये सापडली, त्यांच्या दातांत शास्त्रज्ञांना उवांमुळे पसरणाऱ्या रोगांचा डीएनए मिळाला, आणि 2025 ला आणखी 13 दात तपासले तर टायफॉइडसारखा पॅराटायफॉइडही निघाला.

आणि नाल! बर्फावर घोडा टिकायला नालाला खाली दाते लागतात, रशियन घोड्यांना ते होते, फ्रेंचांचे नाल गुळगुळीत. घोडा घसरला की तोफ तिथेच. कोलँकूर नावाच्या अधिकाऱ्याने खुद्द सम्राटाच्या पागेतल्या घोड्यांना दातेवाले नाल ठोकून घेतले होते, बाकी फौजेला कोण विचारतो.

पण थंडी वापरून घेणं म्हणजे काय ते बघायचं तर 1941 चं लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. जर्मनांचा वेढा, नोव्हेंबरात अनेकांना दिवसाला फक्त 125 ग्रॅम पाव, आणि बाहेर जायला एकच वाट, गोठत आलेलं लाडोगा सरोवर. 22 नोव्हेंबरला त्या बर्फावरून ट्रक सुटले, दीड टनी, आणि अधूनमधून बुडायलाही लागले. फक्त वजनाने नाही बरं का, वेगाने पण. ट्रकखाली बर्फ दबतो, खालचं पाणी हलतं आणि बर्फासकट एक लाट पळायला लागते, ट्रकचा वेग त्या लाटेशी जुळला की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिल्यासारखं होतं, लाट वाढत जाते आणि बर्फ फुटतो. म्हणून भरलेला ट्रक सावकाश जाऊन पार, आणि हलका ट्रक जोरात गेला की पाण्यात. नाऊम रेनोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फ किती वाकतो ते आपोआप नोंदवणारं यंत्र बनवून बर्फात बसवलं, तेही अर्धपोटी, आणि धोक्याचा वेग काढला, ताशी साधारण 35 किलोमीटर.

मग ड्रायव्हरना वेग आणि अंतराचे नियम आले, बायका बर्फावर उभ्या राहून कंदील घेऊन ट्रॅफिक सांभाळायला लागल्या. एप्रिल 1942 पर्यंत या रस्त्याने साडेतीन लाख टनांवर माल आत आला, पाच लाखांवर माणसं बाहेर पडली. तरी बरेच ड्रायव्हर केबिनचा दरवाजा उघडाच ठेवायचे, बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून.