पाळीव उंदीर (मराठवाड्यातील निगा)

पाळीव उंदीर हा तपकिरी उंदराचा (रॅटस नॉर्वेजिकस) माणसाळलेला वंशज आहे. माळ्यावर धावणारा काळा उंदीर वेगळ्या जातीचा, तर बांध पोखरणारी घूस वेगळ्याच प्रजातीची. पाळीव उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असते. तो कळपात राहणारा प्राणी आहे, त्यामुळे एकटा ठेवू नये. एकाच लिंगाची जोडी बरी.

मराठवाड्यात उंदीर म्हणजे पिकाचा आणि कणगीचा शत्रू. त्यात १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगची साथ जाहीर झाली, तेव्हापासून उंदराची धास्ती अधिकच वाढली. पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरापासून हा धोका फारसा नसतो. रानटी उंदरांचा त्याच्याशी आणि त्याच्या दाण्यापाण्याशी संबंध येऊ न देणे महत्त्वाचे. घरात झिंक फॉस्फाइडसारखे उंदीर मारायचे औषध ठेवलेले असेल, तर पाळीव उंदीर मोकळा सोडूच नये. उंदराला वांती होत नाही, पोटात गेलेले विष बाहेर पडत नाही.

खरी कसोटी उन्हाळ्याची. उंदराला १८ ते २६ अंश तापमान मानवते. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. माणसासारखा घाम त्याला येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीवाटे बाहेर टाकतो आणि अंगावर लाळ फासतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी पिंजरा ठेवणे म्हणजे त्याला मारणेच. तळमजल्याची सावलीची खोली, बसायला शहाबादी फरशीचा तुकडा, लपायला पालथे मडके आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली एवढ्याने बरेच भागते. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर घेऊ नये. वीज गेल्यावर काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे. उंदीर सुस्त पडून तोंडाने श्वास घेऊ लागला, तर शेपटी व पाय थंड (बर्फासारख्या नव्हे) पाण्याने ओले करून डॉक्टर गाठावा.

अंथरायला कागदाच्या पट्ट्या किंवा जुने सुती कापड वापरावे. वखारीतला लाकडाचा भुसा फुकट मिळतो म्हणून अनेकजण तोच घालतात, पण त्याची धूळ आणि साचलेल्या लघवीतला अमोनिया फुप्फुसांना बाधतो. श्वसनरोग हे या प्राण्याचे नेहमीचे दुखणे. मायकोप्लाझ्मा जंतू बहुतेक पाळीव उंदरांत असतातच. हवा बिघडली की शिंका आणि घरघर सुरू होते. डोळ्यांभोवती दिसणारा लाल स्राव रक्त नसून पॉर्फिरिन नावाचे लाल रंगद्रव्य असते, मात्र तो वाढला तर ताण किंवा आजार समजावा.

खाण्यात ज्वारी, बाजरी, भाज्या, थोडे उकडलेले अंडे चालते. कडधान्य शिजवूनच द्यावे. करडई, शेंगदाणे बेताने. बुरशी लागलेला शेंगदाणा अजिबात नको. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला काहीतरी कठीण हवे.

पिल्लांतले नर-मादी पाच आठवड्यांचे होण्याआधी वेगळे करावेत. गर्भकाळ साधारण २२ दिवसांचा असतो आणि एका वेतात सहज आठ-दहा पिल्ले होतात. मादीला स्तनाच्या गाठी होण्याचे प्रमाण बरेच. तालुक्याच्या दवाखान्यात सारा व्याप गाई-म्हशींचा, त्यामुळे परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणे सोयीचे.