भागीदार कंपनीचं तिकीट, म्हणून पॉइंट तेवढेच? नाही!

एअर इंडिया २०१४ मध्ये स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात गेली, तेव्हापासून एक समज घट्ट बसलाय: त्याच गटातल्या लुफ्थान्साने गेलं काय नि एअर इंडियाने गेलं काय, पॉइंट (प्रवासावर जमणारे, पुढे तिकिटासाठी वापरता येणारे) सारखेच. तसं नाही. ई-तिकिटावर ‘क्लास’पुढे एक अक्षर असतं, ‘वाय’, ‘के’ असं काहीतरी. पॉइंट बहुतेकदा त्या अक्षरावर ठरतात. स्वस्त तिकिटाच्या काही अक्षरांना शून्यसुद्धा. कृपा करून बुकिंगआधी ते बघा.

भागीदारीने प्रवाशाचं भलंच होतं, हेही खरं नाही. अमेरिकन एअरलाइन्स आणि जेटब्लू या अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या भागीदारीत पॉइंट योजनेच्या सदस्यांना दोन्हीकडे पॉइंट मिळत. पण बोस्टन-न्यूयॉर्कमध्ये एकमेकींशी झुंजणाऱ्या या कंपन्या मार्ग वाटून घेऊ लागल्या, म्हणून २०२३ मध्ये न्यायालयाने ती भागीदारी बेकायदा ठरवली.