‘कठे शे?’: कोडमधला पत्ता शोधणाऱ्या साधनांची पार्श्वभूमी

धुळ्यात संध्याकाळी कॉलेजची काही मुलं माझ्याकडे कोड वाचायला बसतात. लिहायला नव्हे, वाचायला. मोठा प्रकल्प उघडला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतंच, “दादा, हाई फंक्शन कठे शे?” म्हणजे अहिराणीत, हे फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) कुठे आहे? एडिटर, म्हणजे कोड लिहा-वाचायचं साधन, प्रकल्पासाठी नीट लावणं म्हणजे या एका प्रश्नाची सोय करणं, असं मी मानतो. ही सोय कशी घडत गेली हे कळलं, की सेटिंगच्या ओळी कुठून तरी उचलून आंधळेपणाने चिकटवाव्या लागत नाहीत.

आधी हाताशी ग्रेप होतं. शब्द जिथे जिथे असेल ती प्रत्येक ओळ ते दाखवतं. त्यातली व्याख्या कुठली आणि नुसता वापर कुठला, हे आपणच निवडायचं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात केन अरनॉल्ड यांनी व्याख्यांचे पत्ते नोंदवणारं सीटॅग्ज लिहिलं आणि १९७९ च्या ३बीएसडी या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीमधून ते बाहेर पडलं. बिल जॉय यांचा व्हीआय एडिटरही तिथलाच, त्यामुळे जोडी जमली.

सीटॅग्ज अख्खा प्रकल्प एकदा वाचून ‘टॅग्ज’ नावाची फाइल बनवतं. ती मी मुलांना उघडून दाखवतोच. एका ओळीत तीन गोष्टी, मधे टॅब: फंक्शनचं नाव, फाइलचं नाव आणि ती ओळ शोधायचा नमुना. ओळीचा नंबर का नाही? वर चार ओळी वाढल्या की नंबर सरकतो, मजकूर मात्र तोच राहतो. शिवाय नावं अक्षरक्रमाने लावलेली असतात. म्हणून दर वेळी निम्मी यादी बाजूला टाकत गेलं, की लाखभर नोंदींतून हवं ते नाव सतराएक तुलनांत सापडतं. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

उलटा प्रश्न वेगळा: हे फंक्शन कोण कोण बोलावतं? त्यासाठी बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत जो स्टेफन यांनी सीस्कोप लिहिलं. २००० साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. शेतकऱ्यांच्या मुलांना मी सांगतो, टॅग्ज म्हणजे सातबारा, गट नंबर दिला की नेमकी जमीन. सीस्कोप म्हणजे आठ-अ, एका नावावर गावात कुठे कुठे काय आहे ते.

१९९६ मध्ये डॅरेन हीबर्ट यांचं एक्झुबरंट सीटॅग्ज आलं आणि अनेक भाषांची सोय झाली. २००९ नंतर त्याच्या आवृत्त्या थांबल्या. आज वापरायचं ते त्यातूनच पुढे निघालेलं युनिव्हर्सल सीटॅग्ज. काही सिस्टिमवर जुनंच बसलेलं असतं आणि ‘टॅग्ज बनत नाहीत’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा तेच निघतं.

२०१६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला: एडिटर आणि भाषा समजणारा वेगळा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम. तोवर प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक एडिटरात वेगळी जुळणी करावी लागे. आता भाषेचा एक सर्व्हर सगळ्यांना पुरतो. तो नुसतं नाव जुळवत नाही, कोडचा अर्थ लावतो. एकाच नावाची दहा फंक्शन्स असतील तर टॅग्ज यादी पुढे करतात, सर्व्हर बहुतेक वेळा नेमकं दाखवतो. जिथे चालेल तिथे तोच लावावा.

पण इथे बहुतेकांकडे घरातल्या कुणाचा तरी जुना, चार जीबीचा लॅपटॉप असतो. मोठ्या प्रकल्पावर सर्व्हर सुरू केला की मेमरी भरते, आणि मे महिन्यात तर मशीन हात लावू देत नाही. अशा वेळी व्हिममध्ये, म्हणजे व्हीआयच्या पुढच्या अवतारात, टॅग्जच्या सेटिंगची एकच ओळ पुरते. त्या सेटिंगमधल्या पत्त्याच्या शेवटचा अर्धविराम (;) विसरू नका: त्याच्यामुळे व्हिम चालू फोल्डरपासून वर वर चढत टॅग्ज फाइल शोधतं. तो राहिला की आतल्या फोल्डरातून उडी लागत नाही.

परवा असंच झालं. एकीने तो अर्धविराम टाकला, कर्सर फंक्शनच्या नावावर नेला, कंट्रोल धरून उजवा चौकोनी कंस दाबला. दुसरी फाइल समोर आली. कंट्रोल-टी दाबून ती परत आली, आणि पुन्हा गेली.