जॉर्डन रूप वहीत सुटतं, संगणकावर का निसटतं?

पदवीपर्यंत मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन, आणि आयगेनव्हॅल्यू काढायची म्हणजे डिटरमिनंट उलगडून बहुपदी सोडवायची. एमएस्सीला तोच विषय पुन्हा समोर येतो तेव्हा प्रश्न वेगळा असतो. आता मॅट्रिक्स ही एका रेषीय रूपांतरणाची नुसती नोंद असते. बेसिस, म्हणजे बाकी सगळे व्हेक्टर ज्यांच्यातून लिहिता येतात अशा स्वतंत्र व्हेक्टरांचा संच, बदलला की आकडे बदलतात, रूपांतरण तेच राहतं. मग सगळ्यात सोपी नोंद देणारा बेसिस कोणता?

काही दिशा अशा असतात की त्यांतला व्हेक्टर रूपांतरणानंतरही त्याच रेषेवर राहतो, फक्त काही पट होतो. ही पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू. अशा स्वतंत्र दिशा पुरेशा मिळाल्या तर मॅट्रिक्स कर्णरूप होते, म्हणजे कर्णाबाहेर सगळं शून्य, आणि प्रश्न संपतो. त्या कमी पडल्या तर कामी येतं ते कामिय जॉर्डन यांच्या १८७० च्या कामातून आलेलं रूप: कर्णावर आयगेनव्हॅल्यू, कर्णाच्या लगेच वर काही ठिकाणी १, बाकी सगळीकडे शून्य. संमिश्र संख्या घेतल्या तर प्रत्येक चौरस मॅट्रिक्सला हे रूप असतंच. वास्तव संख्यांवर मात्र ही खात्री नाही. प्रतल ९० अंशांत फिरवणाऱ्या मॅट्रिक्सला एकही वास्तव आयगेनव्हॅल्यू नसते.

नेट आणि गेटच्या तयारीत हा भाग चुकवता येत नाही, आणि बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात. जॉर्डन रूपात कर्णावर एकच आयगेनव्हॅल्यू आणि तिच्या वर सलग १ असलेले चौकोनी तुकडे असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. ब्लॉक किती आणि केवढे, हे पाठ केलेल्या नियमांवरून ठरवलं जातं. त्यापेक्षा मोजावं. मूळ मॅट्रिक्समधून आयगेनव्हॅल्यू गुणिले एकक मॅट्रिक्स वजा करा. उरलेल्या मॅट्रिक्सला ‘न’ म्हणू. न, न चा वर्ग, न चा घन अशा प्रत्येकाच्या कर्नलची मिती काढा, म्हणजे तो घात ज्यांना शून्यावर नेतो त्या व्हेक्टरांच्या अवकाशाची मिती. समजा ७×७ मॅट्रिक्सची एकच आयगेनव्हॅल्यू आहे आणि मिती ३, ५, ६, ७ अशा आल्या. लागोपाठच्या वाढी झाल्या ३, २, १, १. म्हणजे एकूण ब्लॉक ३, त्यांपैकी किमान २ आकाराचे २, किमान ३ आकाराचा १ आणि किमान ४ आकाराचा १. उत्तर: ४, २ आणि १ आकाराचे ब्लॉक.

कॅरॅक्टरिस्टिक बहुपदी (डिटरमिनंट उलगडून मिळणारी), मिनिमल बहुपदी (मॅट्रिक्स घातल्यावर शून्य देणारी सर्वांत लहान घाताची बहुपदी) आणि स्वतंत्र आयगेनव्हेक्टरांची संख्या एवढ्यावर भागेल असं वाटतं. एकच आयगेनव्हॅल्यू असेल तर ६×६ पर्यंत भागतंही. ७×७ ला पहिल्यांदा दगा बसतो: ३, ३, १ आणि ३, २, २ या दोन्ही रचनांत ब्लॉक ३ आणि सर्वांत मोठा ब्लॉक ३ आकाराचा, त्यामुळे तिन्ही माहित्या तंतोतंत जुळतात. फरक न च्या वर्गात दिसतो. पहिल्या रचनेत त्याच्या कर्नलची मिती ५, दुसऱ्या रचनेत ६.

दुसरी अडचण बेसिस शोधताना येते. ३×३ मॅट्रिक्स घ्या, ओळी (३, −१, ०), (१, १, ०), (१, −१, २). आयगेनव्हॅल्यू फक्त २, आणि न च्या तिन्ही ओळी (१, −१, ०). आयगेनव्हेक्टर सहज सापडतात: (१, १, ०) आणि (०, ०, १). आता साखळी, म्हणजे न लावत गेलं की एकातून पुढचा मिळणारी व्हेक्टरांची रांग, पूर्ण करायला ‘न लावल्यावर (१, १, ०) देणारा व्हेक्टर’ शोधायला गेलात तर तो सापडत नाही. (०, ०, १) साठीही नाही. वजाबाकीत चूक झाली असावी म्हणून माणूस परत पहिल्या पानावर जातो. आकडेमोड बरोबरच असते; न मधून बाहेर पडणारा प्रत्येक व्हेक्टर (१, १, १) च्या पटीत असतो, आणि निवडलेल्या दोघांपैकी कोणीच तसा नाही. म्हणून साखळी वरून खाली उतरवायची. न च्या वर्गाने शून्य होतो पण न ने होत नाही असा व्हेक्टर घ्या, उदाहरणार्थ (१, ०, ०). त्याला न लावला की (१, १, १) मिळतो. तिसरा (०, ०, १) जोडला की बेसिस तयार. हीच पद्धत कितीही मोठ्या ब्लॉकला चालते, आणि ती पहिल्याच तासाला शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

इथवर सगळं अचूक संख्यांचं जग होतं. आता कर्णावर सगळीकडे शून्य आणि त्याच्या वर नऊ वेळा १ असा १०×१० चा एकच ब्लॉक घ्या. सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या शून्याच्या जागी ०.०००००००००१ लिहा, म्हणजे १ भागिले १० चा १० वा घात. कॅरॅक्टरिस्टिक समीकरण होतं: आयगेनव्हॅल्यूचा १० वा घात बरोबर ती इवलीशी संख्या. उत्तर म्हणून शून्याभोवती ०.१ त्रिज्येच्या वर्तुळावर समान अंतराने बसलेल्या दहा वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यू येतात. बदल केला त्याच्या १०० कोटी पट परिणाम झाला. आणि जॉर्डन ब्लॉक उरलाच नाही, कारण दहा भिन्न आयगेनव्हॅल्यू असलेली मॅट्रिक्स कर्णरूप होते.

संगणक नेहमीच्या दशांश गणितात साधारण १६ अंक सांभाळतो, त्यामुळे प्रत्येक पायरीला अशी बारीक ढवळाढवळ होतच असते. म्हणून पायथनच्या नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत जॉर्डन रूप काढणारं फंक्शनच नाही. सिम्पाय या चिन्हांनी गणित करणाऱ्या लायब्ररीत आहे, कारण तिथे अपूर्णांक अचूक ठेवता येतात; मात्र मॅट्रिक्स देताना ०.५ न लिहिता १/२ हा परिमेय अपूर्णांक म्हणूनच द्या, नाहीतर तोच घोळ मागच्या दाराने आत येतो.

मग संगणक आयगेनव्हॅल्यू काढतो कशा? बहुपदी सोडवून नक्कीच नाही. इसाई शूर यांनी १९०९ मध्ये दाखवलं की परस्परांना लंब आणि एकक लांबीच्या व्हेक्टरांचा बेसिस घेऊन संमिश्र संख्यांवर कोणतीही चौरस मॅट्रिक्स त्रिकोणी, म्हणजे कर्णाखाली सगळं शून्य आणि कर्णावर आयगेनव्हॅल्यू अशी, करता येते. अशा बेसिसमध्ये लांबी बदलत नाही, त्यामुळे बेसिस बदलताना झालेली चूक फुगत नाही. त्या त्रिकोणी रूपाकडे पायरीपायरीने नेणारं क्यूआर अल्गोरिदम १९६१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जॉन फ्रान्सिस आणि सोव्हिएत संघात व्हेरा कुब्लानोव्स्काया यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं. आजही त्याच्या सुधारित आवृत्त्या वापरात आहेत.

त्या १०×१० ब्लॉकच्या सिंग्युलर व्हॅल्यू पाहिल्या की चित्र पालटतं. सिंग्युलर व्हॅल्यू म्हणजे एकक गोलाचा रूपांतरणानंतर जो लंबगोल होतो त्याच्या अर्धअक्षांच्या लांब्या. मूळ ब्लॉकला नऊ वेळा १ आणि एकदा ०. कोपऱ्यात ती इवलीशी संख्या टाकल्यावर नऊ वेळा १ आणि एकदा ०.०००००००००१. जेवढा धक्का, तेवढाच हलण्याचा प्रकार. हा योगायोग नाही: मॅट्रिक्समध्ये केलेल्या बदलाची सर्वांत मोठी सिंग्युलर व्हॅल्यू जेवढी, त्यापेक्षा जास्त कोणतीही सिंग्युलर व्हॅल्यू सरकत नाही, असं प्रमेय आहे. सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंनाही बदल सिमेट्रिक असेल तर हेच संरक्षण मिळतं.

म्हणूनच प्रत्यक्ष कामात रँक, म्हणजे स्वतंत्र ओळींची संख्या, ठरवताना ओळी शून्य होतात का ते न बघता सिंग्युलर व्हॅल्यू उतरत्या क्रमाने मांडतात आणि मोठी दरी कुठे आहे ते पाहतात. वरच्या बदललेल्या मॅट्रिक्सची काटेकोर रँक १० आहे. पण तिच्यातले आकडे तीनच दशांशांपर्यंत मोजलेल्या मापांतून आले असतील, तर त्या शेवटच्या सिंग्युलर व्हॅल्यूला काही अर्थ नाही आणि रँक ९ धरूनच पुढे जावं लागतं. कितीपेक्षा लहान सिंग्युलर व्हॅल्यू शून्य धरायची तो उंबरठा किती ठेवायचा, हे मापांच्या अचूकतेवरून ठरवायचं असतं. सॉफ्टवेअरचा आयता उंबरठा फक्त दशांश गणितातली चूक जमेस धरतो, मोजमापातली नाही.