पार्ट-टाइमला घेतलं आणि फुल-टाइम राबवून घेतायत? कोल्हापुरात तक्रार आणि दावा कसा करायचा: पात्रता, कागदपत्रं, प्रोसेस

राजारामपुरीतलं कपड्याचं दुकान असो, महाद्वार रोडवरचं हॉटेल असो, नाहीतर गांधीनगरचं होलसेल मार्केट, पार्ट-टाइमवाल्या पोरापोरींची गोष्ट सगळीकडं जवळपास सारखीच असते. घेताना सांगतात "संध्याकाळी 5 ते 9, कॉलेज सांभाळून कर", आणि पंधरा दिवसांत सुरू होतं, "आज जरा थांब की, गर्दी हाय", मग स्टॉक मोजायचाय, मग दुसरा पोरगा आला नाही, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि 9 चे साडेअकरा कधी होतात कळतच नाही. पगार मात्र 4 तासांचाच. नाही म्हटलं की "उद्यापासून येऊ नको". विद्यापीठात शिकणारी, बाहेरगावाहून येऊन रूम घेऊन राहणारी मुलं यात जास्त अडकतात कारण रूमचं भाडं त्याच पैशातून जातं. घर सांभाळून चार तास काम करणाऱ्या ताई-मावशींचं पण हेच, फक्त त्यांच्याबद्दल कोण बोलत नाही.

अर्ज करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण बहुतेक अर्ज इथंच लंगडे पडतात. जादा थांबवलं म्हणजे लगेच डबल ओव्हरटाइम मिळतो असं नाही. कायद्यातला दुप्पट दर तुमच्या ठरलेल्या 4 तासांनंतर सुरू होत नाही, तो कायद्यानं घातलेली दिवसाची किंवा आठवड्याची मर्यादा ओलांडल्यावर सुरू होतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानं-आस्थापना कायद्यात, म्हणजे आपण ज्याला शॉप अ‍ॅक्ट म्हणतो त्यात, ही मर्यादा दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास होती. 2025 मध्ये राज्यानं बदल करून दिवसाचे 10 तास केले, आठवड्याचे 48 तसेच ठेवले, आणि 3 महिन्यांत जास्तीत जास्त ओव्हरटाइम 125 तासांवरून 144 तासांवर नेला. म्हणजे 4 तासांच्या करारावर तुम्हाला 7 तास राबवलं तर ते 3 तास कायद्याच्या भाषेत ओव्हरटाइम नाहीत, पण ते फुकटचे पण नाहीत. तो न दिलेला पगार आहे. म्हणून अर्जात "ओव्हरटाइम द्या" असं मोघम न लिहिता "करारापेक्षा जादा तासांचं न दिलेलं वेतन" असं लिहायचं, आणि ज्या दिवशी खरंच मर्यादा ओलांडली असेल, दिवाळीच्या आठवड्यात हमखास ओलांडते, त्या दिवसांचा दुप्पट दराचा हिशोब वेगळा मांडायचा. दोन्ही एकत्र कालवले की मालकाचा वकील पहिल्यांदा तिथंच बोट ठेवतो.

आता दर कुठला लावायचा? राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचना निघतात त्यांच्या तळटिपा कुणी वाचत नाही, आणि नेमकं तिथंच अर्धवेळ कामगारांचं लिहिलेलं असतं: तुमच्या कामाच्या वर्गातल्या कामगाराचा दिवसाचा दर घ्यायचा, त्याला 8 नं भागायचं आणि येईल त्यावर 15 टक्के वाढवायचे, तो तुमचा ताशी किमान दर. समजा तुमच्या कामाचा दिवसाचा दर विशेष भत्त्यासकट (म्हणजे महागाईप्रमाणे बदलणाऱ्या रकमेसकट) 480 रुपये धरला (हा आकडा नुसता हिशोबासाठी घेतलाय), तर 480 भागिले 8 म्हणजे 60, त्यावर 15 टक्के म्हणजे तासाला 69 रुपये. रोज अडीच तास जादा थांबवलं तर दिवसाचे 172 रुपये 50 पैसे, आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर 4,485 रुपये. "चहापाणी करून देतोय की" म्हणणाऱ्या मालकाला हा आकडा कागदावर दाखवला की चहा कितीला पडतो ते कळतं. तुमचा ठरलेला पगारच तासाला यापेक्षा जास्त पडत असेल तर तोच दर लावा, कमी लावू नका. आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैला बदलतो, त्यामुळे वर्षभराची थकबाकी असेल तर सगळ्या महिन्यांना एकच दर लावून चालत नाही.

कोण अर्ज करू शकतं

पार्ट-टाइम आहे, रोजंदारीवर आहे, अपॉइंटमेंट लेटर नाही, पगार रोख मिळतो, यातल्या कुठल्याच कारणानं हक्क जात नाही. तोंडी ठरलेलं काम पण कामच असतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्यात, त्यातल्या वेतन संहितेत 1948 चा किमान वेतन कायदा आणि 1936 चा वेतन प्रदान कायदा दोन्ही आले, आणि ही संहिता दुकानात दोनच माणसं असली तरी लागू होते. इथं लोकांचा घोळ होतो. शॉप अ‍ॅक्टच्या तासांच्या, सुट्ट्यांच्या तरतुदी आधी 10 किंवा जास्त कामगार असतील तिथं लागू होत्या, 2025 च्या बदलानंतर 20 किंवा जास्त असतील तिथं. त्यामुळे लहान दुकानाचा मालक "आम्हाला तो कायदाच लागत नाही" म्हणतो तेव्हा तो तासांच्या बाबतीत बरोबर असू शकतो, पण पगाराच्या बाबतीत नाही. मॅनेजर, सुपरवायझर पदावर असाल तर शॉप अ‍ॅक्टच्या तासांच्या तरतुदी तुम्हाला लागत नाहीत, पण नुसतं "फ्लोअर मॅनेजर" असं नाव देऊन कपड्यांच्या घड्या घालायला लावत असतील तर खरं काम काय करता ते अर्जात लिहा.

जिथं 10 किंवा जास्त कामगार आहेत तिथं आणखी एक मुद्दा तुमच्या बाजूनं आहे. याच चारपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागते असं स्पष्ट म्हटलंय आणि नेमणूक पत्र देणं पण मालकावर बंधनकारक आहे. आणि जिथं शॉप अ‍ॅक्ट पूर्ण लागू आहे तिथं बाईमाणसाला रात्री साडेनऊ ते सकाळी 7 या वेळेत तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षेची व्यवस्था केल्याशिवाय थांबवता येत नाही. "सगळ्याच थांबल्यात, तुलाच काय झालं" ही संमती नव्हे.

कागदपत्रं

सगळ्यात महत्त्वाचा कागद तुम्ही स्वतः बनवायचा. एक साधी वही घ्या आणि रोज लिहा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, ठरलेली वेळ, कुणी थांबायला सांगितलं, कशासाठी. रोजच्या रोज, त्याच दिवशी. सहा महिन्यांनी एका बसणीत एकाच पेनानं लिहिलेली वही बघितल्या बघितल्या कळते. "आज 11 पर्यंत थांबायला लागतंय" असले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नका, ग्रुपमधून काढलं तरी चॅट ठेवा, आणि नुसते स्क्रीनशॉट न ठेवता मूळ फोन पण सांभाळा कारण प्रकरण पुढं गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सर्टिफिकेट लागतं आणि ते मूळ फोनवरनंच होतं. घरी जाताना "निघालो, आत्ता सुटलो" म्हणून आईला टाकलेला मेसेज पण वेळेचा पुरावा होतो, ह्याकडं कुणाचं लक्ष नसतं.

बाकी नेहमीचं: आधार कार्ड, पासबुकाची पगाराची एन्ट्री किंवा यूपीआयची हिस्ट्री, असेल तर नेमणूक पत्र, आयकार्ड, पगार स्लिप. बायोमेट्रिकवर अंगठा लावत असाल तर हजेरीचा उतारा मागा, लेखी मागा, नाही दिला तरी मागितल्याचा कागद उपयोगी पडतो. बरोबरच्या एखाद्या माणसाचं नाव-नंबर, तो तयार असेल तरच.

आणि दुकानाचं कायदेशीर नाव. ही बारीक गोष्ट वाटते पण इथं गाडी अडते. बोर्डावर एक नाव असतं, शॉप अ‍ॅक्टवर दुसरं, आणि धंदा असतो तिसऱ्याच्याच, म्हणजे मेव्हण्याच्या नाहीतर बायकोच्या नावावर. नोटीस चुकीच्या नावानं गेली की "असा कोण इथं राहत नाही" म्हणून परत येते. त्यासाठी गिऱ्हाईकाला देतात ते पक्कं बिल घ्या, त्यावर फर्मचं खरं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर छापलेला असतो. एजन्सीमार्फत लागला असाल, मॉलमध्ये नाहीतर कुरिअरच्या गोडाऊनला हे चालतंच, तर एजन्सी आणि जिथं प्रत्यक्ष काम करता ती कंपनी, दोघांचीही नावं अर्जात विरुद्ध बाजू म्हणून घाला.

प्रोसेस

आधी मालकाला एक पानाचं पत्र. भांडणाची भाषा नको, ठरलेले तास किती, प्रत्यक्ष किती काम केलं, रक्कम किती होते आणि 15 दिवसांत द्यावी, एवढंच. हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही मागा, नाही केली तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. काही जण म्हणतील कशाला पत्र, थेट तक्रार ठोका. माझं मत, पत्र द्यावं. निम्मे मालक पत्र बघूनच तडजोडीला येतात, आणि जे येत नाहीत त्यांना नंतर "आम्हाला माहितच नव्हतं" म्हणता येत नाही.

मग अर्ज जातो सहायक कामगार आयुक्त, कोल्हापूर यांच्या कार्यालयात. इथं दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला तक्रारीचा: अमुक दुकानात पार्ट-टाइम कामगारांना जादा राबवतात, रजिस्टर ठेवत नाहीत, तपासणी करा. यात माझं नाव गोपनीय ठेवावं अशी विनंती करता येते, आणि कामगार कार्यालयाचा निरीक्षक, ज्याला आता सुविधाकार म्हणतात, तो जाऊन रेकॉर्ड तपासतो. कामावर असतानाच आवाज उठवायचा असेल तर हा रस्ता बरा. ऑनलाइन टाकायची तर आपले सरकार पोर्टलवर पण टाकता येते, टोकन नंबर लिहून ठेवा.

दुसरा रस्ता दाव्याचा, म्हणजे माझे एवढे पैसे द्या. यात नाव लपवता येत नाही. वेतन संहितेच्या कलम 45 खाली राजपत्रित दर्जाच्या प्राधिकाऱ्यापुढं दावा चालतो, तुमच्या भागासाठी कोण अधिकारी ते कामगार कार्यालयात विचारून त्यांच्याच नावानं अर्ज लिहा. दावा तुम्ही स्वतः करू शकता, तुमची युनियन करू शकते, निरीक्षक पण करू शकतो. आणि एकाच दुकानातल्या पाच जणांचा प्रॉब्लेम एकच असेल तर पाचही जणांचा मिळून एकच अर्ज चालतो, तसं जमत असेल तर तसंच करा, एकट्याला गाठणं सोपं असतं.

मुदत 3 वर्षांची आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती 6 महिन्यांची होती आणि वेतन प्रदान कायद्यात 12 महिन्यांची, त्यामुळे कुणी "आता वेळ गेली" म्हणून परत पाठवत असेल तर ते बहुतेक जुन्या हिशोबानं बोलतायत. निकाल 3 महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं संहितेत आहे, प्रत्यक्षात तारखा पडतातच, मनाची तयारी ठेवा. देय रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे, दरवेळी देतातच असं नाही. पण मोठी गोष्ट ही की पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा असेल तेव्हा तो दिलाय हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. जादा तास थांबलो हे तुम्हाला दाखवायला लागणारच, वही त्यासाठीच.

अर्ज दोन प्रतीत न्या, एकीवर आवक विभागाचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. अर्जात महिनावार तक्ता लावा: ठरलेले तास, केलेले तास, फरक, दर, रक्कम. तक्ता नसला की साहेब पण वैतागतात आणि ते बरोबरच आहे.

नोटीस निघाली की दोघांना बोलावतात. मालक पहिल्यांदा म्हणणार "हा आमचा माणूसच नाही", मग म्हणणार "शिकायला येत होता". इथं यूपीआयची हिस्ट्री काम करते, शिकायला येणाऱ्याला दर महिन्याला कोण पैसे पाठवतं? तडजोड झाली तर अधिकाऱ्यासमोर लेखी करा आणि पैसे खात्यावरच घ्या. "सगळा हिशोब मिटला, काही तक्रार नाही" असल्या कागदावर पैसे येण्याआधी सही नको. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार 2 कामाच्या दिवसांत द्यायला लागतो हे पण संहितेत आहे. काढून टाकल्याचं प्रकरण मात्र वेगळं चालतं, ते या अर्जात घुसडू नका, त्यासाठी लगेच वकील गाठा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कसबा बावड्याच्या कोर्टात चौकशी करा नाहीतर 15100 ला फोन लावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय म्हणून काही जण "थेट हायकोर्टात जाऊ" म्हणतात, चार तासांच्या पगारासाठी त्याची काय गरज नाही, आधी खालचं ऑफिस.

ऑर्डर तुमच्या बाजूनं झाली आणि तरी मालक पैसे देत नसेल तर त्याच प्राधिकाऱ्याकडं वसुली प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी आणि चालू बँक खात्याचा कॅन्सल चेक सोबत लावा. मधल्या काळात रूम बदलली असेल तर नवा पत्ता आणि नंबर लेखी कळवा, नाहीतर पुढची नोटीस जुन्याच पत्त्यावर जाते.